मेज कोणाचे, गल्ला कोणाचा?

भारतीय संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाचा दुसरा खंड आमच्या अनेक वाचकांना तोंडपाठ असेल. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणत्याही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीच्या जागा येथे मज्जाव करता येणार नाही, असे तो सांगतो. पुढे विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते येतात. विहीर आणि तलाव तेथे का आले, हे महाडचा इतिहास जाणणाऱ्याला सांगावे लागत नाही. पण एका विशाल देशाच्या राज्यघटनेत चहा-फराळाच्या हॉटेलाचा उल्लेख का असावा? राष्ट्रपती, संसद, सर्वोच्च न्यायालय यांच्या पंगतीत हे खानावळीचे बाकडे कशासाठी?

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली. 'दुकान' म्हणजे नेमके काय, असा प्रश्न निघाला तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या शब्दाचा अर्थ शक्य तितका व्यापक केला. जो कोणी येणाऱ्या कोणालाही आपली सेवा द्यायला बसला आहे, त्याची जागा म्हणजे दुकान. त्यात धोबी आला आणि केशकर्तनालयही आले. त्याच दिवशी अस्पृश्यता नष्ट करणारी तरतूदही सभेने मंजूर केली. हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. जात ही पोथीत लिहिली जाते खरी, पण ती शिकवली जाते ताटावर आणि पाटावर. कोण कोणाशेजारी बसतो, कोणाचा कप वेगळा ठेवतात, कोणाला चहा वरून ओततात, या शाळेत मूल जात शिकते. म्हणूनच संविधानाला हॉटेलाच्या दारात येऊन उभे राहावे लागले.

आज आम्ही वाचकांना एका हॉटेलाची हकीकत सांगणार आहोत. हे हॉटेल आपल्याकडचे नाही. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात न्यू ऑर्लिन्स नावाचे शहर आहे. त्या शहरात ट्रेमे ही काळ्या लोकांची जुनी वस्ती आहे आणि तेथे ऑर्लिन्स अव्हेन्यूवर 'डूकी चेस' नावाचे हॉटेल आणि बार आजही चालू आहे. मोहल्ल्यातले, घरगुती, रात्री उशिरापर्यंत गजबजणारे हॉटेल. अशी हॉटेले जगात लाखोंनी असतील. पण काळ्यांच्या मुक्तीच्या लढ्यात या हॉटेलाने जे काम केले, ते अनेक संस्था आणि परिषदांनाही करता आले नाही.

अमेरिकेच्या या लढ्याशी आपले नाते जुने आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. ते विद्यापीठ काळ्यांच्या हार्लेम वस्तीला खेटून आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी काळ्यांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे काळ्यांनी केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी संघटना काढली तेव्हा तिचे नाव त्यांनी ब्लॅक पँथरवरूनच घेतले. तेव्हा त्यांचे हॉटेल हे आपल्याला परके नाही.

न्यू ऑर्लिन्समध्ये 'कोणी कुठे बसायचे' हा प्रश्न फार जुना. १८९२ साली याच शहरात होमर प्लेसी नावाचा माणूस आगगाडीच्या गोऱ्यांच्या डब्यात मुद्दाम बसला आणि अटक करवून घेतली. कायद्याला आव्हान देण्यासाठी तेथील नागरिकांच्या समितीने हे ठरवून घडवून आणले होते. १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की डबे वेगळे असले तरी चालतील, सोयी सारख्या असल्या म्हणजे झाले. सोयी अर्थातच कधी सारख्या नव्हत्या. त्या निकालाच्या आडोशाने पुढची साठ वर्षे शाळा, बस, बगीचे, हॉटेले, पाण्याचे नळ, सारे काही दोन रंगांत वाटले गेले. आपल्याकडे मनूने जे केले, ते तेथे न्यायालयाने केले.

अशा शहरात १९४१ साली एमिली आणि एडगर चेस या काळ्या दांपत्याने हे दुकान थाटले. एडगरला लोक 'डूकी' म्हणत, म्हणून दुकानही डूकीचे. त्याआधी ते एका कोपऱ्यावर लॉटरीची तिकिटे आणि सँडविच विकत असत. नव्या जागेत त्यांनी बार सुरू केला आणि लांब पावात मासे किंवा मांस भरून ते विकायला लागले. श्रीमंती काही नव्हती. पण शुक्रवारी संध्याकाळी तेथे पाय ठेवायला जागा नसे. का? कारण शुक्रवार हा पगाराचा दिवस. पगार चेकने मिळे आणि काळ्या मजुराला बँक दारात उभी करीत नसे. मग एमिली आणि डूकी ओळखीच्या विश्वासू माणसांचे चेक बारच्या काउंटरवरच वटवून देत. मजूर रोख घेई, पाव खाई, गप्पा मारी आणि घरी जाई. ज्या वस्तीला बँक नव्हती, त्या वस्तीची बँक म्हणजे डूकीचा गल्ला होता.

ही गोष्ट आमच्या वाचकांनी नीट लक्षात घ्यावी. गल्ला आपल्या माणसाच्या हातात असला की तो नुसता पैसे मोजण्याचा डबा राहत नाही. आपल्याकडेही मुंबईच्या गिरणगावात बायकांनी चालवलेल्या खाणावळींनी हेच केले. गावाकडून एकट्या आलेल्या गिरणी कामगाराला महिन्याच्या उधारीवर जेवण घातले आणि संपाच्या काळातही ताट बंद केले नाही. त्याच खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांचे दार उघडून दिले. भाकरी थापणारी बाई ही संपाची आर्थिक आघाडी सांभाळीत होती, हे आमच्या कामगार चळवळीच्या इतिहासात फार थोड्यांनी लिहिले.

डूकीच्या दुकानाचे खरे रूप बदलले ते त्यांच्या सुनेमुळे. तिचे नाव लीआ. जन्म १९२३ चा. लहान गावात काळ्या मुलींना पुढे शिकायची सोय नव्हती, म्हणून शिक्षणासाठी ती न्यू ऑर्लिन्सला नातेवाइकांकडे आली. शिक्षण संपल्यावर तिने शहराच्या जुन्या फ्रेंच भागात एका हॉटेलात वेटरचे काम धरले. गोऱ्यांच्या अशा हॉटेलांत काळी बाई ताट वाढू शकत होती, उष्टी उचलू शकत होती, पण गिऱ्हाईक म्हणून खुर्चीवर बसू शकत नव्हती. जिच्या हातचे चालते पण जिची पंगत चालत नाही, अशा माणसाचे दुःख आम्हांस समजावून सांगावे लागत नाही.

१९४६ च्या सुमारास लीआचे लग्न डूकीच्या मुलाशी झाले. तो जॅझ वाद्यवृंद चालवणारा ट्रम्पेटवादक होता. लीआ सासरच्या दुकानात आली आणि तिने ठरवले की आपल्या लोकांनाही टेबलावर पांढरे कापड, नीट मांडलेले काटे-चमचे आणि अदबीने वाढणारा वेटर मिळाला पाहिजे. सुरुवातीला तिने गोऱ्यांच्या हॉटेलातला लॉब्स्टरचा पदार्थ ठेवून पाहिला. गिऱ्हाइकांनी तो नाकारला. मग तिने आपल्याच आया-आज्यांचे अन्न त्या पांढऱ्या कापडावर मांडले. खेकडे, कोळंबी आणि मांस घालून केलेली, भातावर ओतायची 'गम्बो' नावाची दाट आमटी, तळलेली कोंबडी, राजमा-भात. लोक रांगा लावून आले. दुसऱ्याची थाळी उसनी आणल्याने मान वाढत नाही. आपली थाळी मानाने वाढल्याने वाढतो, हा तिने घेतलेला धडा आहे.

रात्री तर तेथे वेगळीच गर्दी असे. शहरातल्या गोऱ्यांच्या क्लबात काळे वादक वाजवीत, टाळ्या घेत. पण त्याच क्लबात त्यांना जेवता येत नसे. कार्यक्रम संपवून हे कलावंत रात्री उशिरा डूकीच्या हॉटेलात येत. रे चार्ल्ससारख्या गायकाने तर आपल्या एका गाण्यात या हॉटेलाचे नाव गुंफले. दिवसभर दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या कारखान्यात राबणाऱ्या माणसाला स्वतःचा असा वेळ रात्रीच मिळतो. जोतीराव आणि सावित्रीमाईंनी १८५५ साली श्रमिकांसाठी रात्रीची शाळा काढली ती याच कारणाने. आपले आंबेडकरी जलसेही रात्रीच रंगले. ज्याचा दिवस मालकाचा असतो, त्याची चळवळ रात्री उभी राहते. म्हणून वस्तीत रात्री उशिरापर्यंत दिवा लागलेली एक निर्धोक जागा असणे ही चैन नव्हे.

डूकी चेसच्या वरच्या मजल्यावर एक खोली होती. १९५० आणि १९६० च्या दशकांत त्या खोलीत कोण कोण बसले? शाळांतील वर्णभेदाविरुद्ध १९५४ चा ऐतिहासिक निकाल मिळवणारे वकील थर्गुड मार्शल. न्यू ऑर्लिन्सचे झुंजार वकील ए. पी. ट्यूरो. मार्टिन ल्यूथर किंग. आणि त्यांच्याबरोबर लढ्यात उतरलेले गोरे कार्यकर्तेसुद्धा. काळ्या आणि गोऱ्या माणसांना एकत्र बसवून वाढणे हा त्या काळी लुइझियानात कायद्याने गुन्हा होता. पोलिसांना हे ठाऊक नव्हते असे नाही. पण अख्ख्या वस्तीचे प्रेम असलेल्या हॉटेलावर हात टाकला तर केवढा क्षोभ उसळेल, हेही त्यांना ठाऊक होते. लीआ खाली स्वयंपाकघरात गम्बो ढवळीत होती आणि वर लढ्याचे डावपेच आखले जात होते. गम्बोच्या वाडग्यावरून आम्ही अमेरिकेची दिशा बदलली, अशा अर्थाचे ती पुढे अभिमानाने सांगत असे. त्यात अतिशयोक्ती फार नाही.

१ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो गावात चार काळे विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानातील गोऱ्यांच्या काउंटरवर जाऊन बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. त्या ठिणगीने सारे दक्षिण अमेरिकन प्रांत पेटले. १७ सप्टेंबर १९६० रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये रूडी लोम्बार्ड, ओरेथा कॅसल आणि त्यांचे दोन साथी, त्यांत एक गोरा, असेच एका दुकानाच्या खाण्याच्या काउंटरवर बसले. अटक झाली, शिक्षा झाली. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. १९६१ च्या मे महिन्यात 'फ्रीडम रायडर्स' बसमधून दक्षिणेकडे निघाले. त्यांचा शेवटचा मुक्काम न्यू ऑर्लिन्सच ठरलेला होता. वाटेत ॲनिस्टन येथे त्यांची बस जाळण्यात आली. अशा मार खाल्लेल्या, तुरुंगातून सुटलेल्या पोरांना लीआने आपल्या हॉटेलात जेवू घातले.

येथेच आमचे म्हणणे आहे. ही मुले परक्याच्या काउंटरवर हक्काने बसायला जात होती. कारण त्यांना बसायला आपले एक मेज होते. तेथे ती ठरवीत, तेथून ती निघत आणि मार खाऊन तेथेच परत येत. एक मेज हक्काचे आणि एक मेज मालकीचे, असे दोन्ही त्या लढ्याला लागले. नुसते हक्काचे मेज मागणारा माणूस दारात ताटकळतो. नुसत्या मालकीच्या मेजावर समाधान मानणारा माणूस स्वतःच आपल्याभोवती वस्तीची भिंत पक्की करतो. दोन्ही मेजे एकमेकांच्या आधाराने उभी राहतात.

शत्रूलाही हे कळत होते. म्हणूनच १९६५ साली या हॉटेलावर बाँब टाकण्यात आला. आमटी-भाताच्या दुकानावर बाँब कोण कशाला टाकील? टाकणाऱ्याला ठाऊक होते की तेथे नुसता भात शिजत नाही.

हे वाचताना आमच्या वाचकांना कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. राजवाड्याच्या चाकरीतल्या या महार माणसाने सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्याला बेदम मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना तर शिक्षा केलीच, पण गंगारामला त्यांनी चाकरीत ठेवले नाही. त्याला स्वतःच्या पायावर उभे राहायला मदत केली आणि त्याने कोल्हापुरात भर रस्त्यावर चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? मग स्वतः महाराज गाडी थांबवून तेथे चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही घ्यायला लावू लागले. छत्रपतींनी हुकूम काढून थांबता आले असते. पण त्यांनी ओळखले होते की हुकुमाने दार उघडते, गल्ला उघडत नाही. त्यासाठी गंगारामच्या कपाला महाराजांचे ओठ लागावे लागले आणि गंगारामच्या हाती पैसे पडावे लागले. महाराजांच्या निधनानंतर त्यांचे स्मारक उभारायला पुढे आला तो हाच गंगाराम आणि त्याचे समाजबांधव.

याच्या उलट बाजूही याच काळातली आहे. परदेशातून उच्चविद्या घेऊन आलेले बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या टोळक्याने त्यांना बाहेर काढले. जगातल्या नामांकित विद्यापीठाचा विद्वान, आणि त्याला पोटासाठी व पाठ टेकण्यासाठी खोटे नाव घ्यावे लागले! ज्याने हे सोसले, त्यानेच पुढे संविधानात हॉटेलाचे दार उघडून ठेवले.

काही वाचक विचारतील, आंबेडकरी दैनिकाने बारची हकीकत कशासाठी सांगावी? प्रश्न योग्य आहे. पाचवे शील मद्यापासून दूर राहायला सांगते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांतही दारूचा त्याग आहे. देशी दारूच्या गुत्त्यांनी आमच्या किती वस्त्या उजाड केल्या, किती आयाबहिणींच्या अंगावरचे मणी गेले, हे आम्ही रोज पाहतो. तेव्हा कोणी बार काढावा, असे आम्ही म्हणत नाही. पण गुत्त्यात आणि डूकीच्या दुकानात फरक आहे तो पाहा. गुत्ता मजुराचा पगार गिळतो. डूकीचा गल्ला मजुराचा चेक वटवून त्याला घरी पाठवीत होता. गुत्त्यात माणूस एकटा पडतो. तेथे माणूस आपल्या माणसांत येत होता. आणि लीआने बारच्या जागेचे सहकुटुंब बसण्याचे भोजनगृह केले, हेही विसरू नये. त्या हॉटेलाचे सामर्थ्य प्याल्यात नव्हते. ते मेजात, गल्ल्यात आणि रात्री उशिरापर्यंत जळणाऱ्या दिव्यात होते. या तिन्ही गोष्टी चहाच्या टपरीवरही जमतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नुसत्या सहभोजनाने जात जात नाही, हे बाबासाहेबांनीच १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या ग्रंथात सांगितले आहे. एकत्र जेवून उठलेले लोक आपापल्या जातीत परत जातात; रोटीबंदी सैल झाली तरी बेटीबंदी आणि तिच्यामागचे शास्त्रांचे प्रामाण्य शाबूत राहते. हे शंभर टक्के खरे. पण बाबासाहेबांचा हा आघात वर्षातून एकदा पंगत मांडून फोटो काढणाऱ्या सुधारकांना होता. आजही निवडणूक आली की पुढारी दलिताच्या घरी जेवायला येतात, बाहेरून मागवलेले जेवण पत्रावळीवर वाढून घेतात आणि कॅमेरा गेला की उठतात. आम्ही त्या भोजनाविषयी बोलत नाही. डूकीच्या मेजावर गोरा माणूस उपकार करायला येत नव्हता. तो काळ्याच्या मालकीच्या घरात, काळ्याच्या शिस्तीने, पैसे मोजून आणि अटकेचा धोका पत्करून बसत होता. अशा मेजाने जात मरत नसेल, पण जात मारायला निघालेल्यांना ताकद मिळते.

आता कायद्याकडे वळू. २ जुलै १९६४ रोजी अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा झाला आणि हॉटेले, उपाहारगृहे, नाट्यगृहे येथला वर्णभेद बेकायदा ठरला. बर्मिंगहॅम शहरातील ऑलीज बार्बेक्यू नावाच्या हॉटेलाने त्याला आव्हान दिले. तेथे गोऱ्यांना आत बसवीत आणि काळ्यांना फक्त बांधून नेण्यापुरते पुडके देत. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मालकाचा दावा फेटाळला. पुड्यात बांधून दे, आत येऊ नको, ही भाषा आपल्या खेड्यांतल्या दोन कपांच्या पद्धतीचीच सख्खी बहीण आहे. आपल्याकडे तर १९५५ सालीच अस्पृश्यता गुन्हा कायदा झाला होता. १९७६ साली त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाले. त्याचे चौथे कलम हॉटेलातला प्रवेशच नव्हे, तर तेथली भांडी वापरण्याचा हक्कही स्पष्ट शब्दांत देते. म्हणजे वेगळा कप ठेवणे हा नावाजलेला गुन्हा आहे. तरीही वेगळे कप गेले का? कायदा आमच्या बाजूला आहे आणि कप आमच्या विरुद्ध, अशी ही स्थिती.

शहरात कप वेगळा ठेवीत नाहीत. तेथे टेबल वेगळे ठेवतात. २०२३ साली पवईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या भोजनगृहात काही टेबले फक्त शाकाहारींसाठी राखून ठेवण्यात आली. त्याला विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. देशातल्या सर्वांत बुद्धिमान मुलांच्या जेवणघरात सोवळे-ओवळे परत येते आणि त्याला सोयीचे नाव मिळते! २०२४ च्या मार्चमध्ये झोमॅटो या कंपनीने शुद्ध शाकाहारी डब्यांसाठी वेगळ्या हिरव्या गणवेशाचे पोरगे नेमण्याची घोषणा केली. टीका होताच दुसऱ्या दिवशी वेगळा गणवेश मागे घ्यावा लागला. २०२४ च्याच जुलैमध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या वाटेवरील हॉटेलवाल्यांनी मालकाचे नाव ठळक लावावे, असा हुकूम निघाला. २२ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि कोणते अन्न मिळते एवढे लिहिले तरी पुरे, असे सांगितले. नाव कशासाठी हवे होते? अन्न कसे आहे हे कळायला नव्हे. ते कोणाच्या हातचे आहे हे कळायला. आज ते मुसलमान हॉटेलवाल्यासाठी असेल. पण नावावरून हात ओळखायचा आणि हातावरून अन्न नाकारायचे, या रोगाचे सर्वांत जुने बळी आम्हीच आहोत.

म्हणूनच आमचा एखादा तरुण शहरात हॉटेल टाकतो तेव्हा पाटीवर आडनाव लिहायला कचरतो. गिऱ्हाईक तुटेल ही भीती खरी आहे. तिची टिंगल आम्ही करणार नाही. पण समाजबांधवांनाच आमचा प्रश्न आहे. त्याच्या हॉटेलात आपण जातो का? लग्नाचे जेवण, जयंतीचा फराळ, संघटनेच्या बैठकीचा चहा यांची ऑर्डर कोणाला देतो? गंगारामच्या दारात छत्रपतींची गाडी थांबली. आमच्या गाड्या कोठे थांबतात?

डूकी चेसची पुढची कहाणीही डोळे उघडणारी आहे. कायद्याने गोऱ्यांची हॉटेले खुली झाली, ही विजयाची गोष्ट होती. पण त्यानंतर काळ्यांच्या स्वतःच्या अनेक धंद्यांची गिऱ्हाइके पांगली. १९६० च्याच दशकाच्या उत्तरार्धात ट्रेमेजवळच्या क्लेबोर्न अव्हेन्यूवर, काळ्यांच्या भरभराटीच्या बाजाररस्त्यावर, उंच खांबांचा महामार्ग आणून घातला गेला. शतायुषी ओकची झाडे गेली, दुकाने गेली. विकासाची रेघ नेमकी आपल्याच वस्तीतून का जाते, हा प्रश्न तेथलाही आहे. २००५ च्या ऑगस्टमध्ये कतरिना वादळाने शहर बुडवले, तेव्हा हॉटेलात पाणी शिरले. लीआ तेव्हा ८२ वर्षांची होती. ती आणि तिचा नवरा हॉटेलासमोरच सरकारी ट्रेलरमध्ये राहिले. हॉटेलासाठी लोकांनी निधी उभारला आणि २००७ साली हॉटेल पुन्हा उघडले. लहानपणी काळी म्हणून जिला शहराच्या उद्यानातल्या कलासंग्रहालयात पाऊल टाकता आले नव्हते, ती पुढे त्याच संग्रहालयाच्या विश्वस्तांत बसली. आणि काळ्या चित्रकारांची चित्रे तिने आपल्या भोजनगृहाच्या भिंतींवर लावली. २०१९ साली ९६ व्या वर्षी ती गेली. हॉटेल तिच्या मुलानातवंडांनी चालू ठेवले आहे.

यातून आपण काय घ्यावे? दोन कामे. पहिले, वेगळा कप, वेगळे टेबल, नाकारलेले दार जेथे दिसेल तेथे गप्प बसू नये. नागरी हक्क संरक्षण अधिनियमाचे चौथे कलम आणि अत्याचार प्रतिबंधक कायदा हाताशी घेऊन तक्रार नोंदवावी. आणि तक्रार करणाऱ्या गावातल्या एकट्या घरामागे संघटनेने उभे राहावे. दुसरे, प्रत्येक वस्तीत आपल्या मालकीचे एक तरी मेज असावे. बचत गटाच्या बायकांनी चालवलेली खाणावळ असो, तरुणांनी मिळून काढलेले चहाचे हॉटेल असो. तेथे स्वच्छता असावी, हिशेब चोख असावा, बाईमाणसाला निर्धास्त बसता यावे. भिंतीवर आपल्या चित्रकारांची चित्रे आणि कोपऱ्यात वर्तमानपत्रे असावीत. शेवटची पाळी सुटलेल्या कामगाराला आणि अभ्यासिकेतून उशिरा निघालेल्या पोराला रात्री गरम भाकरी मिळावी. दारू नको, उधारीची वही मात्र असू द्यावी. आणि कोणत्याही जातीचा, कोणत्याही धर्माचा माणूस आला तर त्याला त्याच कपात चहा मिळावा, ज्या कपात आपण पितो.

आम्हांला नाकारणाऱ्यांचे मेज संविधानाने आमच्यासाठी खुले केले आहे. आता सर्वांसाठी खुले असलेले आमचे मेज आम्ही मांडायचे आहे. ज्या दिवशी आमच्या वस्तीतल्या हॉटेलाच्या पाटीवर आमचे नाव ठळक अक्षरांत झळकेल आणि त्या नावामुळे गिऱ्हाईक तुटणार नाही, त्या दिवशी १५ व्या अनुच्छेदाचे ते वाक्य कागदावरून उतरून ताटात आले, असे आम्ही समजू.

जय भीम!